पाटी गेली, हप्ते राहिले

वकिली म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी एका शब्दात सांगतो: बसणं! पुकारा होईपर्यंत बसायचं, पुकारा झाला की उभं राहून तारीख घ्यायची आणि परत येऊन बसायचं. इतकी शिकलीसवरली माणसं रोज एका खोलीत, एका कुरकुरत्या पंख्याखाली बसवून ठेवल्यावर दुसरं काय होणार? किस्से साठतात. महाड कोर्टाच्या आमच्या बाररूममध्ये कायद्याची सगळी पुस्तकं एका कपाटात मावायची. किस्से मात्र कुठेच मावत नसत.

त्यातले निम्मे मी विसरलो. राहिलेल्यातले अर्धे अजून हयात असलेल्यांचे आहेत, म्हणून सांगत नाही. पण शिवणक्लासच्या कंपनीचे किस्से सांगायला हरकत नाही. ती कंपनी बुडाली. नाव तरीही घेत नाही, कारण कंपनी बुडाली तरी तिची नोटिसा पाठवायची सवय बुडत नाही!

०००

गोष्ट ऐंशीच्या आसपासची. आज ज्याला फ्रँचाईज म्हणतात आणि ज्याच्यासाठी लोक टाय लावून हॉटेलात मीटिंगा घेतात, त्याला आमच्याकडे तेव्हा 'पाटी घेणं' म्हणत. ही मुंबईची कंपनी गावोगावी शिवणक्लास काढायची. म्हणजे क्लास तुम्हीच काढायचा. जागा तुमची, मेहनत तुमची, मुलीही तुम्हीच गोळा करायच्या. कंपनी काय द्यायची? पाटी! शिवाय शिलाई मशिनी आणि सर्टिफिकिटं. त्याबद्दल दरमहा हप्ता भरायचा, आणि सगळे हप्ते फिटले की मशिनी तुमच्या.

महाडची पाटी घेतली शकूताई गायकवाडांनी. बौद्धवाडीत राहायच्या. नवरा मुंबईला गेला तो मुंबईचाच झाला. पदरात शाळेत जाणाऱ्या दोन मुली, आणि घर चालायचं ते या मशिनींवर. मशिनी गेल्या असत्या तर चूल बंद, इतका साधा हिशोब होता.

करार घेऊन कंपनीचा साहेब आला. अंगात बिस्किटी रंगाचा सफारी, पायात चकचकीत बूट, आणि महाडच्या बाजारात चिखल! त्याचं खरं नाव आमच्या कुणाच्या तोंडी बसलंच नाही, सगळे त्याला सफारीसाहेब म्हणत. करार इंग्रजीत, आणि जाडीला असा की दाराला टेकू म्हणून लावावा.

"ह्याच्यात काय लिवलंय?" शकूताईंनी विचारलं.

"सगळं तुमच्या फायद्याचं आहे, ताई."

"मग मराठीत का नाय लिवलं?"

सफारीसाहेब हसला आणि बोट ठेवून सहीची जागा दाखवली. शकूताईंनी सही केली. पुढे त्यांचं वकीलपत्र ज्यांनी घेतलं ते साळवी वकील, म्हणजे आमचे तात्या, मी त्यांचा ज्युनियर. तात्या म्हणायचे, "बाईंनी निदान सही करायच्या आधी विचारलं. माझे ग्रॅज्युएट अशील सही करून झाल्यावर विचारतात!"

०००

कंपनीचा अभ्यासक्रम मुंबईत पंख्याखाली बसून केलेला होता. झालरीचा फ्रॉक, तान्ह्या बाळाचं बॉनेट, आणि बायकांची नाइटी. क्लासला मुली यायच्या कापडे, तुडील, वरंध अशा गावांहून, एसटीने. त्यांना शिकायची होती चोळी, परकर, भावाची शाळेची खाकी चड्डी आणि आज्याची बंडी. शकूताईंनी तेच शिकवलं. क्लास असा चालला की मुली पाळ्या लावून मशीनवर बसत.

मग मुंबईहून एक बाई परीक्षा घ्यायला आल्या. डोळ्यांना गॉगल, हातात पर्स. तुडीलच्या एका मुलीला त्यांनी उभं केलं.

"नाइटी कशी बेतायची, सांग."

"ती कवा घालतात?"

"रात्री."

"रात्री आमी झोपतो, बाई."

बाईंनी शेरा मारला, 'विद्यार्थिनींना विषयाची ओळख नाही.' त्या मुलीने पुढे अर्ध्या तुडीलच्या लग्नांचे कपडे शिवले, पण कंपनीच्या दप्तरी ती नापासच राहिली.

०००

या शेऱ्याचं निमित्त झालं. आदल्या पावसाळ्यातले काही हप्तेही मागेपुढे झाले होते, ते खरं. पावसाळ्यात आमच्याकडे कुणाचं काय वेळेवर होतं? कंपनीने नोटीस दिली: अभ्यासक्रम पाळला नाही, हप्ते थकवले, सबब करार संपुष्टात आणला आहे. आणि सफारीसाहेब स्वतः पाटी काढून न्यायला हजर झाला.

पाटी चांगली पुरुषभर लांबीची, पत्र्याची. ती मुंबईच्या गाडीच्या टपावर चढवली. कंडक्टरने लगेजचं तिकीट मागितलं.

"अहो, हे लगेज नाही, ही जाहिरात आहे," सफारीसाहेब म्हणाला.

"मग जाहिरातीचे पैसे भरा. ते जास्त होतात!"

सफारीसाहेबाने मुकाट लगेजचं तिकीट घेतलं. पाटी टपावर आडवी झाली, गाडी सुटली आणि शकूताईंना वाटलं, सुंठेवाचून खोकला गेला. मशिनींचे उरलेले पैसे काय ते ठरवून देऊन टाकू, असा बिचारीचा विचार.

महिन्याभरात समन्स निघालं! कंपनीने महाड कोर्टात दावा लावला होता. करार संपवला ना? हो, संपवला. तरीही कराराची मुदत संपेपर्यंतचे सगळे हप्ते द्या. वर मशिनीही परत द्या. तात्यांनी दावा वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "काडीमोड झाल्यावर सासऱ्याकडे दिवाळसण मागायचा प्रकार आहे हा!"

०००

कंपनीने असा दावा एकट्या शकूताईंवर लावला नव्हता. पोलादपूरकडचा एक होता, धोंडू उतेकर. डोंगरावरच्या वाडीतला गडी, म्हशी आणि थोडी नाचणी. सुनेला क्लास काढून द्यावा म्हणून त्याने पाटी घेतली. वाडीत माणसं मोजकी आणि वाट अशी, की मशिनी वर चढल्याच नाहीत. त्या पोलादपूरच्या एका वखारीत पडून राहिल्या आणि कंपनीने त्या नेल्याही. राहिली फक्त पाटी, आणि अर्थातच हप्ते.

कंपनीचे वकील होते लिमये. आमच्या कोर्टातलं सगळ्यात मोठं प्रस्थ, सगळ्या अर्थांनी. पिंजऱ्यात उभं केलं की साक्षीदाराला घाम फुटायचा. धोंडूला नाही फुटला.

"कंपनीची पाटी कुठे आहे?" लिमये गरजले.

"गोठ्यावर."

"गोठ्यावर म्हणजे?"

"छप्पर गळत व्हतं. पाटी टाकली, गळायचं थांबलं. चांगला पत्रा हाय."

"म्हणजे कंपनीचं नाव तू वर उघड्यावर पावसात गंजत टाकलंस?"

"नाय वो सायब. नाव आत केलंय. म्हशीला दिसाया पायजे ना, आपण कुणाच्या गोठ्यात बांधलोय ते!"

लिमये म्हणाले, साक्षीदाराची जाणीवपूर्वक उद्धट उत्तरं नोंदवून घ्यावीत. जज्जसाहेब म्हणाले, "उत्तर प्रश्नालाच धरून आहे." ते नागपूरकडून नुकतेच बदलून आले होते, आणि महाड कसलं गाव आहे हे त्यांना तेव्हा कळायला लागलं असावं.

०००

शकूताईंना समन्स बजावायला गेला बाळाराम बेलिफ. बेलिफ म्हणजे कोर्टाचे कागद पोचवणारा आणि जप्ती करणारा माणूस. बाळाराम कापड्याचा, स्वभावाने गरीब, नोकरीला पक्का. त्याने नेमका दिवस निवडला सावित्रीला पूर आला तो!

महाडच्या माणसाला पुराचं काय सांगायचं? पाणी चढायला लागलं की बाजारात कुणी ओरडत नाही की रडत नाही. माल माळ्यावर चढवतात, स्टोव्ह वर नेतात आणि पाणी उतरायची वाट बघत पत्ते खेळतात. शकूताईंनीही शेजारच्या गिरणीवाल्याच्या मदतीने एक सोडून सगळ्या मशिनी माळ्यावर नेल्या होत्या. बाळाराम छातीभर पाण्यातून, समन्स डोक्यावर धरून पोचला.

"शकुंतला गायकवाड तुम्हीच का?" त्याने खालून कायद्याप्रमाणे विचारलं. त्याची पुतणी त्यांच्याच क्लासला होती!

"नाय, मी सावित्री," शकूताई वरून म्हणाल्या. "अरे बाळाराम, वर ये, चा पी. शेवटची मशीन चढवायची हाय, तेवढा हात लाव रे."

बाळारामने पाण्यातूनच समन्स वर दिलं, मग हात लावला, चहा प्याला आणि कोर्टात अहवाल दिला: 'समन्स बजावले. बजावतेवेळी प्रतिवादी मशिनींसह माळ्यावर व बेलिफ पाण्यात.'

याचं लिमयांनी काय करावं? पुढच्या तारखेला उभे राहून म्हणाले, करारातल्या कलमाप्रमाणे लेखी परवानगीशिवाय मशिनी जागेवरून हलवता येत नाहीत. प्रतिवादीने त्या हलवल्या, हे कोर्टाच्या बेलिफाच्याच अहवालावरून सिद्ध होतं!

तात्या शांतपणे उठले. "परवानगी मागितली असती, साहेब. पण वादीचं उत्तर मुंबईहून येईपर्यंत नदीने थांबायला नकार दिला."

०००

तात्यांनी सफारीसाहेबाची उलटतपासणी घेतली ती आम्ही बाररूममध्ये पुढे नव्या वकिलांना पाठ करायला लावायचो.

"करार कोणी संपवला?"

"आम्ही."

"त्यानंतर प्रतिवादीकडे पाटी होती?"

"नाही. आम्ही नेली."

"सर्टिफिकिटं दिलीत?"

"नाही."

"शिकवायला, परीक्षेला कोणी पाठवलंत?"

"नाही."

"मग त्यानंतरचे हप्ते कशाचे मागताय?"

"कराराचे."

"कुठल्या कराराचे?"

"जो आम्ही संपवला त्या."

जज्जसाहेबांनी शिपायाकडून पाणी मागवलं. सफारीसाहेबाला वाटलं आपल्यासाठीच मागवलं, त्याने हात पुढे केला. ते जज्जसाहेबच प्यायले.

०००

आता इथपर्यंत आमची सरशी होती. म्हणूनच लिमयांनी ठेवणीतला डाव काढला. निकालाआधी जप्तीचा अर्ज! बाई मशिनी हलवतात हे सिद्धच आहे, उद्या त्या मुंबईला पळवतील, सबब क्लासला सील ठोकावं. तात्या जीव तोडून भांडले. पण अहवालात माळा होता, आणि कलमात माळा बसत नव्हता. निकाल लागेपर्यंत सील, असा हुकूम झाला.

लिमये स्वतः सीलच्या वेळी हजर राहिले. एरवी असल्या कामाला ते फिरकत नसत. पंच म्हणून सही करायला बाजारातलं कुणी पुढे येईना. गिरणीवाला म्हणाला, मला दिसत नाही. सोनार म्हणाला, मला लिहिता येत नाही, आणि त्याच्या कानाला पेन्सिल! शेवटी एसटी स्टँडवरून खेडला निघालेले दोन अनोळखी प्रवासी धरून आणले.

"आत गिऱ्हाइकांचे कपडे हायत," शकूताई म्हणाल्या. "गनपती तोंडावर आलेत. तेवढे काढून घेऊ द्या, सायब."

"एक धागा बाहेर जाणार नाही!" लिमये गरजले. "दाराच्या आत जे आहे ते सगळं जप्त!"

"आतलं बघून तरी घ्या."

"मला बघायची गरज नाही!"

बाळारामने कुलूप घातलं, लाख लावली. शकूताई रस्त्यात उभ्या होत्या, दोन्ही मुली पदराला धरून. त्या रडल्या नाहीत, पण मला तिथे थांबवेना. कायद्याचं पुस्तक वाचताना जप्ती हा एक शब्द असतो. समोर घडली की ती कुणाची तरी चूल असते. मला त्या दिवशी लिमयांचा मनापासून राग आला होता, आणि तो मी लपवला नाही. बाररूममध्ये त्यांना चहा विचारला नाही.

चारच दिवसांत अख्खं महाड लिमयांच्या नावाने बोटं मोडायला लागलं. कुणाच्या पोराचा गणपतीचा सदरा आत, कुणाच्या नव्या नवरीच्या चोळ्या आत. नगरपालिकेच्या बँडवाल्यांचे नवे डगलेसुद्धा आत! लिमये म्हणायचे, "कायदा कायदा आहे. कुणाचे कपडे अडकले ते कोर्टाने बघायचं नसतं."

०००

पुढची तारीख गणपतीच्या आदल्या आठवड्यात होती. मधल्या दिवसांत लिमयांना कोर्टात उभं राहायचं काम पडलं नव्हतं. सकाळी लिमयांनी घरात हाक मारली, "अगं, माझा कोट?"

लिमयेवहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "शिवायला दिलाय."

"कुठे?"

आतून भांडी जोरजोरात घासल्याचा आवाज आला, असं त्यांच्या शेजाऱ्यांनी आम्हाला सांगितलं.

कोट पोटावर बसत नव्हता, काखेत उसवला होता. वहिनींनी तो गुपचूप शकूताईंकडे दिला होता, कारण घट्ट होतो म्हटलं की लिमये चिडायचे. आता तो सीलच्या आत! आणि आमच्यासारख्या तालुक्याच्या वकिलाकडे काळा कोट एकच असे. लिमये पांढऱ्या शर्टातच बाररूममध्ये आले. सगळ्यांनी आपापले कोट देऊ केले, अगदी हसू दाबून. पण माझा कोट त्यांच्या एका खांद्यावरच संपला, आणि तात्यांच्यात त्यांचे हात कोपरापुढे जाईनात.

पुकारा झाला. लिमये तसेच उभे राहिले. जज्जसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं.

"वादीतर्फे कोणी हजर आहे का?"

"मी आहे ना, युअर ऑनर. लिमये."

"आवाज येतोय. पण कोर्टाला वकील दिसत नाहीत."

वादीतर्फे वकील नाही म्हटल्यावर दावा काढून टाकायची वेळ! लिमये जागेवरूनच म्हणाले, कोट सीलमध्ये आहे, सील उघडायचा अर्ज आणलाय. जज्जसाहेब म्हणाले, अर्ज चालवायला वकील लागतो. वकील व्हायला कोट लागतो, आणि कोट मिळायला अर्ज! लिमयांना दरदरून घाम फुटला.

शेवटी तात्या उठले. म्हणाले, "साहेब, वादीच्या वतीने मीच विनंती करतो. सील उघडायला माझ्या अशिलाची हरकत नाही."

मागच्या बाकावरून शकूताई उभ्या राहिल्या. "हरकत नाय सायब. पन कोट कोट नाय ऱ्हायला. मी समदा उसवून ठेवलाय. बाह्या येगळ्या, पाठ येगळी. मशिनीवर घातल्याबिगर अंगात जायाचा नाय."

जज्जसाहेबांनी लिमयांकडे पाहिलं. लिमयांनी छताकडे. मग अगदी बारीक आवाजात ते म्हणाले, "मशीन वापरायला... वादीची हरकत नाही."

हुकूम झाला. बाळारामने लाख फोडली, आणि गिरणीवाल्याने आपली घरघरती चक्की थांबवली, मशीनचा आवाज ऐकायला. बाजारात पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले. दुपारपर्यंत शकूताई शिवत होत्या, लिमये दारात उभे. इतक्यात कोर्टाचा शिपाई धावत आला, दुसऱ्यांदा पुकारा झालाय! लिमयांनी होता तसा कोट ओढला, चढवला आणि धावले. शकूताई मागून काहीतरी सांगत धावल्या, ते त्यांनी ऐकलंच नाही.

कोट अंगात शिरला आणि लिमये परत लिमये झाले. उपकाराची भाषा नाही, काही नाही. उभे राहिले ते गरजतच, "युअर ऑनर, कोटाचं काम झालं आहे. क्लासला या क्षणी पुन्हा सील ठोकण्यात यावं! माझ्या कंपनीचा हा हक्क..." आणि 'हक्क' म्हणताना त्यांनी उजवा हात असा काही उंच फेकला, की बाही खांद्यापासून सुटली आणि शिरस्तेदारांच्या टेबलावर जाऊन पडली.

शिरस्तेदारांनी दोन बोटांत धरून बाही परत दिली.

जज्जसाहेबांनी चेहरा अजिबात न हलवता विचारलं, "काम झालं म्हणालात ना?"

"नुसती टाचली व्हती, सायब," शकूताई मागून म्हणाल्या. "म्या हाक मारून सांगत व्हते."

"कोट पुरा झाल्यावर हा अर्ज ऐकू," जज्जसाहेब म्हणाले आणि तसं लिहायला लागले. "तोपर्यंत मशिनी चालू राहतील."

लिमये एका बाहीत, दुसरी बाही हातात. त्यांनी वळून मागच्या बाकाकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी समोरच्या पक्षकाराला अहो-जाहो केलं असावं.

"अहो बाई... कधीपर्यंत पुरा कराल?"

शकूताईंनी पदर सावरला.

"करून देते की, सायब. हप्त्याहप्त्यानं!"